गडग्यावरचा फोन

त्या दिवशी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढे घोळ नको. मी होते. माझी सून होती. मधल्या गडग्याच्या, म्हणजे दगड रचलेल्या बुटक्या कुंपणाच्या पलीकडे, तिच्या खळ्यात, माझी मोठी जाऊ होती. गडग्यावर फोन होता आणि फोनात तिघं होती: रोजची दोघं, एक बाई आणि एक बाप्या, आणि त्यांच्याकडे आलेली एक पाहुणी. शिवाय माझी तुरेवाली कोंबडी आणि जावेचं मांजर. या दोघांना वगळून चालणार नाही. चोवीस वर्षं आमच्या दोन घरांचं सगळं बोलणं त्यांच्याच मार्फत चाललं होतं.

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. लिहायला बसलं की हाताला शाळेतली भाषा येते आणि तोंडाला आमची. म्हणून माझं सांगणं असं आणि आमचं बोलणं तसं.

आधी अबोला कसा पडला ते सांगते. माझा नवरा काविळीने अंथरुणाला खिळला होता. मुलगा सहा वर्षांचा. मी सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या चिरेखाणीत जायची, जांभ्या दगडाचा चिरा डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत पोचवायची. कोणीतरी राबायलाच हवं होतं. दिवसा नवऱ्याजवळ जाऊ बसायची. एका दुपारी तो गेला. मला निरोप आला तेव्हा माझ्या डोक्यावर चिरा होता. तो मी खाली ठेवला. टाकला नाही, टाकला तर फुटतो. मग धावले. चैत्रात सड्यावरचा कातळ तव्यासारखा तापतो आणि माझ्या पायात काही नव्हतं. घरी पोचले तेव्हा त्याला खाली काढून ठेवला होता.

तेरावं झालं आणि मी भर खळ्यात जावेला म्हटलं, "तू माका मुद्दाम बोलवलंस नाय! सकाळपासून तेचा बरा नव्हता, ता तुका दिसत होता. तरी बोलवलंस नाय!"

ती वळली. आत गेली आणि दार लावून घेतलं. तिचं आत जाणं ही मी कबुली धरली. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

पण एका भिंतीला भिंत लागून दोन घरं, एक विहीर, एक वाट. न बोलून भागतं कसं? मग कोंबडी आली. तिची एखादी कोंबडी माझ्या खळ्यात शिरली की मी मोठ्याने म्हणायची, "काय गो कोंबडे, तुका दुसऱ्याचोच खळो बरो लागता? तुजी धनीण तुका खावंक घालना नाय?"

पलीकडून उत्तर यायचं, पण मांजराला. "मांजरा, आयकलंस? काय लोक दोन दाण्यांसाठी कोंबडेचो पंचनामो करतत."

भांडण असं चालायचंच, पण त्यात कामाचंही असायचं. "मांजरा, उद्या लाईट जातली. पाणी भरून ठेय," असं ती म्हणाली की मी मुकाट्याने घागरी भरायची. मांजर काय घागर भरणार होतं? मीही विहिरीचा दोर कुजला की कोंबडीला बजावायची, "सांभाळून ओढ गो." कोंबडी कधी विहिरीवर गेली नाही. दीर गेले तेव्हा मी पलीकडे जाऊन बसले, रडलेसुद्धा, पण बोलले ते भिंतीशी. त्या कोंबड्या गेल्या, मांजरं गेली, त्यांच्या जागी दुसरी आली. त्यांना काही शिकवावं लागलं नाही. जन्मतःच आमचं ऐकायची सवय.

गेल्या मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, भरपूर आले. सून त्यांची आमसुलं आणि मीठ घातलेल्या रसाचं आगळ करून विकते, म्हणून मी सकाळपासून रातांबे फोडायला बसायची. फोडायचा, बी-गर एका टोपात, साल दुसऱ्या टोपात. हात कोपरापर्यंत लाल. कान मात्र रिकामे. सून म्हणाली, "आई, तुमका पॉडकास्ट लावून देतंय."

"ता काय?"

"दोगा जणा बोलतत. आपण आयकाचा."

"दुसऱ्याचा बोलणा चोरून आयकाचा?"

"चोरून नाय ओ. तेंनी आपणहून ठेवलेला आसा."

फोनाला आमच्याकडे रेंज मिळते ती फक्त गडग्यावर, फणसाच्या बाजूच्या तिसऱ्या चिऱ्यावर. म्हणून फोन तिथं ठेवला. फोन मध्ये, मी अलीकडे, जाऊ पलीकडे. तीही रातांबेच फोडत होती. मला वाटलं, तिला त्रास होईल. तेवढंच बरं वाटलं.

पहिले काही दिवस मी भांडणाची वाट बघितली. दोघं इतकं बोलतात म्हणजे कधीतरी जुंपणारच. आणि झालं तसंच. बाई काही सांगत होती, बाप्याने मध्येच तोंड घातलं. ती म्हणाली, "थांब, माझं होऊ दे." मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, आता रंगणार. तर तो म्हणाला, "सॉरी, बोल." आणि ती बोलली! तिथूनच पुढे, जणू काही झालंच नाही. मी पुढचे तीन दिवस कान लावून बसले, कुठे टोमणा येतोय का बघायला. आला नाही. आमच्याकडे एवढ्यावर दोन पिढ्यांचा अबोला झाला असता.

विषय मला अर्धा कळायचा नाही. कधी शेअर बाजार, कधी झोप, एकदा तर अख्खा तास माणसं ऑफिसात का कंटाळतात त्यावर. खाणीत चार दिवस पाठवा, म्हटलं, कंटाळा कुठल्या कुठे जातो. पण बोलणं मात्र मला कळत होतं. खाणीत मला कोणी शिकवलं नव्हतं. पुढच्या बाईच्या मानेकडे बघायचं: ती चुंबळ कुठं ठेवते, चिरा उचलताना श्वास कधी सोडते. सासूने बांगडा कसा चिरायचा ते तोंडाने कधी सांगितलं नाही, तिचा अंगठा बघून शिकले. पण बोलायचं कसं ते कोणाचं बघणार? आमच्या घरात बोलणं म्हणजे हुकूम, नाहीतर भांडण, नाहीतर देवाला गाऱ्हाणं. दोन माणसं निवांत बसून एकमेकांना विचारतायत, हे मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. आता ऐकत होते. तर मी त्यांचा अंगठा शोधायला लागले.

आणि सापडला. त्या बाईचा 'हं'. तिचे तीन 'हं' होते. एक छोटा, म्हणजे कळलं, पुढे बोल. एक लांब, म्हणजे हे मला पटलं नाही पण तुझं चालू दे. आणि तिसरा फार हळू, तो आला की समोरचा माणूस जे सांगणार नव्हता ते सांगायचा. दुसरी गोष्ट, ती प्रश्न विचारायची आणि गप्प व्हायची. अगदी गप्प. मी प्रश्न विचारते तेव्हा उत्तर मीच देते, आणि ते चूक आहे म्हणून भांडतेही मीच.

मग मी करून बघायला घेतलं. पहिली सापडली मासे विकणारी. ती टोपली उतरवून बसली. मी फोनातल्या बाईसारखा आवाज काढला, "आज तुम्हाला कसं वाटतंय?" आणि गप्प झाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी गप्प. ती म्हणाली, "काय गो, उन्हान डोक्या फिरला काय?"

मी लांब 'हं' केला.

"हं काय हं? बर्फ वितळता माजो! बांगडे घेतंस तर घे, नायतर वाट सोड."

सुनेवर केलं तर ती कपाळाला हात लावून बघायला आली. "आई, तुमका बरा नाय काय? सकाळपासून तुमी माका एकदाव वरडाक नाय." मुलगा पर्यटकांची होडी चालवतो. त्याला जेवताना विचारलं, "आज होडीवर काय झाला?" आणि गप्प बसले. तो "काय नाय" म्हणाला. मी हळू 'हं' केला. त्याने वर बघितलं, आणि मग पाऊण तास बोलत होता. लाटेला घाबरून एका बाप्याने बायकोला कसं पुढे धरलं तेसुद्धा. सून मला म्हणाली, लग्नाला पाच वर्षं झाली, एवढं तो तिच्याशीही बोलला नव्हता. तेव्हा मला कळलं, हे जमतंय.

जाऊ ऐकत असेल असं मला वाटलं नव्हतं. ते कळलं एका दुपारी. फोनातल्या बाप्याने एका माणसाला विचारलं की तुम्ही वडिलांना शेवटी काय म्हणालात, आणि चार्जिंग संपलं. फोन बंद. पलीकडून लगेच आवाज, "मांजरा! मगे काय म्हणालो तो? अर्ध्यात काय बंद करतत हे लोक!"

मी हसू दाबलं. कोंबडीला म्हटलं, "कोंबडे, सांग त्येंका, संध्याकाळी चार वाजता परत लागतला." चार वाजता ती पाट घेऊन गडग्याला टेकून बसली होती. पाठ माझ्याकडे, कान फोनाकडे.

असे दहाबारा दिवस गेले. मग एका सोमवारी सकाळी ती मांजराला म्हणाली, जरा जास्तच मोठ्याने, "मांजरा, आयतवारी झील येतलो. माका म्हापशाक नेतलो. कायमचा. तू बघ तुजा."

तिचा मुलगा म्हापशाला हॉटेलात आहे. तो कधीतरी नेणार हे मला ठाऊक होतं. पण आयतवार म्हणजे सहा दिवसांवर. माझ्या हातातला रातांबा तसाच राहिला. माझ्या नवऱ्याने शेवटच्या दिवशी काय म्हटलं, काही म्हटलं की नाही, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस आयतवारी गाडीत बसणार होतं. चोवीस वर्षं मी म्हणत होते, तिने मला सांगितलं नाही. आता पहिल्यांदा मनात आलं, मी विचारलं होतं का?

सोमवार तसाच गेला. मंगळवारी मी कोंबडीला जवळ घेऊन तयारी केली, पण कोंबडीसमोर ते तोंडातून निघेना. हे कोंबडीला सांगायचं नव्हतंच. बुधवार रातांबे आणण्यात गेला. गुरुवारी, मी सुरुवातीला सांगितली ती सगळी जमली.

फोनातली पाहुणी म्हातारी होती, आवाजावरून माझ्याएवढी. ती तिच्या बहिणीबद्दल सांगत होती. फोनातल्या बाईने विचारलं, "मग तुम्हाला तिच्याकडून काय ऐकायचं होतं?"

आणि फोन गप्प.

काहीच आवाज नाही. सुनेला वाटलं रेंज गेली. ती हात पुसत उठली आणि फोन उचलायला गेली. तेवढ्यात गडग्यापलीकडून,

"रव गो. हात लावू नको. ती आठवता हा."

जावेने मांजराला नाही, माझ्या सुनेला सांगितलं. तोंडावर. सुनेचा हात हवेतच राहिला. मग फोनातली म्हातारी एवढंच म्हणाली, "काही नाही. तिने मला नुसतं नावाने हाक मारायला हवी होती." आणि फोनातल्या दोघांनी तिसरा 'हं' केला.

सुनेने फोन बंद केला आणि घरात गेली. शहाणी आहे. मी रातांब्यातून मान वर केली नाही. म्हटलं,

"वैनी, त्या दिवशी तो काय बोललो?"

आणि गप्प झाले. हे गप्प राहणं चिरा उचलण्यापेक्षा जड असतं. तोंडात सगळं येऊन उभं राहतं: तुला ठाऊक होतं, तू बोलावलं नाहीस, तूच. मी जीभ दाताखाली धरली आणि रातांबे फोडत राहिले. एक, दोन, तीन. सोळा झाले.

"मांजरा," ती म्हणाली.

मांजर कधीच उठून गेलं होतं. आमसुलांवरून चालत, पायाचे लाल ठसे उठवत. तिने इकडे तिकडे बघितलं. मग पाट फिरवला आणि माझ्याकडे तोंड करून बसली. म्हातारी झाली होती. एवढ्या जवळून मी बघितलंच नव्हतं.

"तो म्हणालो, तिका बोलवू नको. दुपारचा ऊन आसा. चपला नाय तिच्या पायात, तशीच धावत येतली."

मी छोटा 'हं' केला. दुसरं काही जमलं नसतं.

"मी म्हटलंय, कोणाक तरी धाडतंय. तो म्हणालो, नको, सांजेक येतलीच मा ती. मगे पाणी मागल्यान. पाणी घेवन इलंय, तर..." तिने हात उलटा करून दाखवला.

"ह्या माका कधी सांगलंस नाय?"

"तू इचारलंस कधी? तू खळ्यात उभी रवान माका सांगलंस, मी मुद्दाम बोलवूक नाय म्हणान. तुका सगळा म्हायतच होता. म्हायत असलेल्याक मी काय सांगाचा?"

बरोबर होतं.

मग तीच म्हणाली, "आणि तू? तेव्हा तू खंय होतंस? म्हणजे खाणीत, पण काय करत होतंस?"

मला हे कोणी विचारलं नव्हतं. चोवीस वर्षांत नाही, मुलानेही नाही. मी सांगितलं. डोक्यावर चिरा होता, तो खाली ठेवला, टाकला नाही. कातळावरून धावले. वाटेत एका ठिकाणी करवंदीच्या सावलीत पाय टेकवून उभी राहिले, दोन श्वास. ते दोन श्वास मी स्वतःला कधी माफ केले नव्हते, तेही सांगितलं. ती ऐकत होती. आणि तिने 'हं' केला. हळू, तिसरा. गडग्यापलीकडे बसून तीही शिकली होती, चोरटी.

"पाय भाजले आसतले," ती म्हणाली.

"भाजले. कोणाक दाखवतंय?"

"तेच्या फुडच्या वर्सा कुणकेश्वराच्या जत्रेत मी तुका चपला घेतलंय."

"माका?"

"निळ्या. रबराच्या. तुज्या मापाच्या, विहिरीवर तुज्या ओल्या पावलाचा माप घेवन."

"मगे?"

"मगे काय? तू बोलना नाय होतंस. कोंबडेक घालू? सा महिने फडताळात ठेवलंय. मगे मीच घातलंय."

आता मला त्या चपला आठवल्या. निळ्या! तिला दोन बोटं लहान व्हायच्या, टाच मागून बाहेर. तशा घालून ती विहिरीवर यायची तेव्हा मी कोंबडीला काय म्हटलं होतं तेही आठवलं: "कोंबडे, बघलंस? लोकांका चपला घेवक येतत, पण सोताच्या पायाचा माप कळना नाय." त्यावर मी आठवडाभर खूश होते. एक बाई स्वतःसाठी दोन बोटं लहान चपला का घेईल, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

"आयकलंय मी ता तेव्हा," जाऊ म्हणाली.

"मगे जबाब का देवक नाय मांजराक?"

"मांजरान माका पंजो मारल्यान आसतो. इतको राग इल्लो माका, तेच्याच अंगार वरडलंय आसतंय."

आम्ही हसलो. ती हसली की खोकते, खोकली की पुन्हा हसते. माझी कोंबडी घाबरून फणसावर जाऊन बसली. सून दारात आली आणि काही न बोलता तिने गडग्यावर दोन कप चहा ठेवला. एकाच ताटलीत, दोघींचा. मुद्दाम.

शुक्रवार आणि शनिवार असे दोन दिवस आम्हाला मिळाले. चोवीस वर्षांचं दोन दिवसांत काय होणार? निम्मं तर एकमेकींच्या मध्ये बोलण्यातच गेलं. मी म्हणायची, "थांब, माजा होवंदे," आणि ती म्हणायची, "सॉरी, बोल." तो 'सॉरी' तिने फोनातल्या बाप्याकडून उचलला होता, अगदी त्याच्या सुरात. आयतवारी मुलगा आला. ती गाडीत बसली, काच खाली केली आणि मला सांगितलं, मांजराला नाही, "ह्या मांजराक दूध घाल." गाडी वळेपर्यंत मी उभी होते. पायात चपला होत्या. सून घेऊन देते आता, दर वर्षी. यंदा मात्र मीच निळ्या मागून घेतल्या.

गडग्यापलीकडचं दार बंद आहे. मांजर माझ्याकडे राहायला आलंय आणि कोंबडीशी त्याचं पटत नाही. जावेचा फोन येतो. पण फोनवर गप्प राहिलं की ती घाबरते, "हॅलो, हॅलो, गेलंस काय?" म्हणते. तिसरा 'हं' फोनवर जमत नाही आम्हाला. तो समोर बसूनच करायचा असतो.

म्हणून हे लिहिलंय. तिच्याच रातांब्यांचं आगळ मी बाटलीत भरून ठेवलंय. गाडीत चढवायचं राहिलं. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी म्हापशाच्या बाजूला जाणार असेल, तर आमच्या एसटी स्टॉपवर निळ्या चपलावाल्या म्हातारीचं घर विचारा आणि बाटली घेऊन जा. झाकण घट्ट आहे, तरी बाटली उभीच ठेवा, कपड्यांना डाग पडला तर जात नाही. तिथं पोचलात की तिच्यासमोर बसा, कशी आहेस म्हणून विचारा, आणि लगेच उठू नका. ती वेळ लावते.